ध्वजदिनाचा डबा

आमच्या बालपणी ७ डिसेंबरला वर्गात पत्र्याचा डबा फिरे. त्यात नाणे टाकले की छातीवर टाचणीने एक कागदी ध्वज लागे. त्याचा लाल रंग स्थलसेनेचा, गडद निळा नौदलाचा आणि फिका निळा वायुदलाचा. तो ध्वज संध्याकाळपर्यंत कोठे गळून पडे, कोणास ठाऊक. पैसा कोणाकडे जातो हे आम्ही कधी विचारले नाही.

या प्रथेचे मूळ एका फुलात आहे. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहिले महायुद्ध थांबले. रणभूमीवर उगवणाऱ्या लाल पॉपीची प्रतिकृती १९२१ पासून ब्रिटनमध्ये माजी सैनिकांच्या साहाय्यार्थ विकली जाऊ लागली, आणि स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडेही पॉपी दिन पाळला जाई. (११ नोव्हेंबर हा संत मार्टिनचा सण. आपला झगा तलवारीने कापून अर्धा भिकाऱ्यास देणारा तो तरुण रोमन सैनिक होता. तेथे देणारा हात सैनिकाचा होता, हे आपण सहसा विसरतो.) पुढे २८ ऑगस्ट १९४९ रोजी संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व ७ डिसेंबर हा ध्वजदिन ठरला.

सैन्य तरुण राहावे म्हणून जवानास लवकर निवृत्त केले जाते. वऱ्हाडातील कित्येक जवान चाळिशीच्या आतबाहेर गावी परततात, तेव्हा मुले अजून शाळेत असतात आणि वाट्याला येते ती कोरडवाहू कपाशी. ध्वजनिधी अशा घरांसाठी, जखमी जवानांसाठी व युद्धविधवांसाठी आहे. अमरावती व अकोला येथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत, सैनिकांच्या मुलांसाठी वसतिगृहे आहेत. नाणे तेथवर पोहोचते. माणूस पोहोचतो का?

अमेरिकेतील नॉर्थ प्लॅट या रेल्वेगावची हकिकत येथे आठवते. डिसेंबर १९४१ मध्ये आपल्या प्रांताचे जवान गाडीने येणार, अशी वार्ता पसरली. लोक फराळ घेऊन स्थानकावर जमले. गाडीत निघाले शेजारच्या कॅन्ससचे जवान! क्षणभर सारे थबकले, मग फराळ त्यांनाच वाटला. त्या वर्षीच्या नाताळपासून १ एप्रिल १९४६ पर्यंत तेथे सुमारे ६० लाख सैनिकांना कॉफी-सँडविच मिळाले, तेही गाडी थांबे त्या दहा-पंधरा मिनिटांत. बडनेरा आणि अकोला ही आपलीही मोठी रेल्वेस्थानके. काळी ट्रंक घेऊन रजेवर निघालेला जवान तेथे आजही फलाटावर दिसतो. त्याला बाकावर जागा करून देण्यास कोणत्या समितीचा ठराव लागतो?

आमच्या गल्लीत एका हवालदाराची वृद्ध विधवा राहत असे. निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून दर नोव्हेंबरला तिला बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागे. नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. आम्ही कबरींवर फुले घेऊन जात असू, आणि वाटेत ती रांगेत एकटी उभी दिसे. ध्वज लावून आम्ही तिच्या दारावरूनही गेलो होतो. तिच्याबरोबर रांगेत उभे राहायला मात्र कोणी नव्हते, आम्हीही नव्हतो.