मध्यम सत्तांचा राजनय : कंबोडियात ऑस्ट्रेलियाने काय केले?

परराष्ट्र धोरण हा आपला विषय नाही, असे चळवळीतले अनेक तरुण आम्हाला सांगतात. बाबासाहेबांना तसे वाटत नव्हते. १९५१ मध्ये मंत्रिपदाच्या राजीनाम्याची जी कारणे त्यांनी दिली, त्यांत परराष्ट्र धोरण हे एक होते. वर्षाच्या ३५० कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात, कारण अडचणीत धावून येईल असा मित्र आपल्याला उरलेला नाही, असा त्यांचा रोकडा हिशेब होता.

राजनय फक्त महासत्तांचा नसतो. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे, इंडोनेशिया, दक्षिण कोरिया यांना अभ्यासक 'मध्यम सत्ता' म्हणतात. यांच्याकडे पैसा, जाणकार अधिकारी आणि जागतिक संस्थांत पत असते. मात्र आपली मर्जी दुसऱ्यावर लादण्याइतके बळ नसते. म्हणून ते एखादाच प्रश्न निवडतात, समविचारी देश जमवतात आणि संयुक्त राष्ट्रांमार्फत काम करतात. १९५६ च्या सुएझ पेचात कॅनडाच्या लेस्टर पीअरसन यांनी शांतिसेनेची कल्पना अशीच पुढे रेटली. त्यांना १९५७ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले.

आपल्या वाचकांना कंबोडियाचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. ख्मेर रूजच्या राजवटीत (१९७५ ते १९७९) उपासमार, वेठबिगारी आणि कत्तलीत सुमारे १७ लाख माणसे मेली. भिक्खूंची चीवरे उतरवली गेली, विहारांची कोठारे आणि तुरुंग झाले. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामच्या सैन्याने ही राजवट उलथवली. पण चीन, अमेरिका आणि शेजारी देशांचा व्हिएतनामला विरोध होता, म्हणून संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची ख्मेर रूजच्या बाजूकडेच राहिली. मारेकऱ्यांनी मेलेल्यांचे प्रतिनिधित्व करावे, याला आम्ही दुसरे काय म्हणणार? भारताने मात्र १९८० मध्ये नव्या सरकारला मान्यता दिली होती.

१९८९ ची पॅरिस परिषद एकाच प्रश्नावर फिसकटली : निवडणुकीपर्यंतच्या हंगामी सरकारात ख्मेर रूजला वाटा द्यायचा का? ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री गॅरेथ इव्हान्स यांनी नोव्हेंबर १९८९ मध्ये प्रश्नच बदलला. वाटा कुणालाच नको; तोवर कारभाराची सूत्रे संयुक्त राष्ट्रांकडे द्या. मूळ कल्पना अमेरिकन काँग्रेस सदस्य स्टीफन सोलार्झ यांची, पण तिला हातपाय दिले ते ऑस्ट्रेलियाने. मायकेल कॉस्टेलो हे अधिकारी तीन आठवडे राजधानीमागून राजधानी फिरले. किती सैनिक, किती कर्मचारी, किती खर्च, याचा तपशीलवार आराखडा फेब्रुवारी १९९० मध्ये जकार्ताच्या बैठकीत मांडला गेला. इंडोनेशियाचे अली अलातास आधीपासूनच चारही गटांना एकत्र बसवत होते. त्यांचे श्रेय विसरू नये.

अर्थात काळही अनुकूल होता. सोव्हिएत मदत आटत होती, व्हिएतनामने सैन्य मागे घेतले होते, बड्या देशांना या प्रश्नातून सुटका हवी होती. त्यांना सन्मानाने बाहेर पडायची वाट आखून मिळाली, आणि २३ ऑक्टोबर १९९१ रोजी पॅरिस करार झाला. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत सुमारे २२ हजार माणसे होती. तिचे सेनापती ऑस्ट्रेलियाचे जॉन सँडरसन होते, आणि भारतीय सैनिकही तिथे होते.

या राजनयाच्या मर्यादाही पाहाव्या लागतात. सर्वांच्या सह्या हव्यात म्हणून करारात 'नरसंहार' हा शब्दच घेतला गेला नाही. 'भूतकाळातील धोरणे आणि प्रथा' अशा गुळमुळीत शब्दांवर भागवले गेले. ख्मेर रूजने शस्त्रे खाली ठेवली नाहीत. निवडणूक हरलेल्या हुन सेन यांच्या पक्षाने सत्ता सोडली नाही, दोन पंतप्रधान नेमावे लागले, आणि १९९७ मध्ये हुन सेन यांनी बळाने दुसऱ्याला हटवले. ख्मेर रूजच्या अधिकाऱ्यांवरील खटल्यांचा पहिला निकाल यायला २०१० उजाडले.

कराराने निर्वासितांचा परतीचा रस्ता कागदावर मोकळा केला. १९९२ मध्ये नालंदा येथे शिकलेले भिक्खू महाघोसानंद त्यांना घेऊन थायलंडच्या सीमेवरून नॉम पेन्हपर्यंत चालत आले. मे १९९३ मध्ये मतदानाच्या तोंडावर त्यांनी सिएम रिआपहून दुसरी धम्मयात्रा काढली, लढाई चालू असलेल्या प्रदेशातून. ख्मेर रूजने बहिष्कार पुकारला होता. तरी सुमारे ९० टक्के मतदारांनी मत दिले.