एका भाकरीचे वाटेकरी

पुणतांबा म्हटले की लोकांना गोदाकाठची चांगदेवांची समाधी आठवते, नाहीतर २०१७ चा शेतकरी संप. या भागात हरिनाम सप्ताह संपतो तो काल्याने. दही-लाह्यांचा तो घास हातावर घेताना शेजारचा कोणत्या जातीचा, हे विचारायचे नसते.

याच जिल्ह्यात रविवारच्या उपासनेत आणखी एक घास वाटला जातो. प्रोटेस्टंट त्याला प्रभुभोजन म्हणतात, कॅथलिक ख्रिस्तप्रसाद. अटक होण्याच्या रात्री येशूने शिष्यांना भाकर मोडून दिली, प्याला दिला, त्याची ही आठवण. मराठी बायबलात शब्द भाकरच आहे. आमच्या ज्वारी-बाजरीच्या मुलखात तो किती जवळचा वाटला असेल!

पण ही भाकर सुरुवातीपासूनच भांडणाची. करिंथ शहरातल्या मंडळीत सुखवस्तू लोक आपापले आधी जेवून घेत आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहत. पौलाने पत्र लिहून त्यांची चांगलीच कानउघाडणी केली. करिंथमध्ये प्रश्न श्रीमंत-गरिबाचा होता, नगरमध्ये तो जातीचा झाला.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे उघडले. मंडळीत दलित जातींतले लोक होते. १८३९ मध्ये हरिपंत खिस्ती आणि त्यांचे भाऊ नारायण या ब्राह्मणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रवचन ऐकणे सोपे, बायबल वाचणेही सोपे. पण ज्या प्याल्याला महाराचे ओठ लागले तोच प्याला आपल्या ओठांना लावायचा? धर्म बदलल्याची खरी परीक्षा इथे होती. शिवाशिव दलितांच्या आपसातही होतीच. महाराने मांगाबरोबर जेवायचे का, हाही प्रश्न होता.

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ मी अनेकदा वाचले आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार मोडला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळे सोडले नाही. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. पुढे जात माणसाने केली हे त्यांचे त्यांनाच पटले, मग सोवळे गळून पडले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आधी जेवण आणि मग धर्म. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. टिळकांनी तर १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती.

जातीच्या जोडीला पंथही होतेच. अमेरिकन मिशनच्या मंडळ्या बिशप मानत नसत. १८७० च्या दशकात नगरकडे आलेली एस.पी.जी. मिशन अँग्लिकन, तिच्यात बिशपचा हात डोक्यावर पडल्याशिवाय प्रभुभोजन नाही. कॅथलिकांकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये, आणि लोकांना फक्त भाकर, प्याला फादरचा. नगर जिल्ह्यातल्या शेतमजुराने लंडन-रोमची ही भांडणे का वाहायची? एका भावाला एका मिशनने शाळेत घातले, दुसऱ्याला दुसऱ्या मिशनने, एवढ्यावर भावकीची भाकर वेगळी व्हायची.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चपंथ एकत्र आले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स. लहान बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की जाणत्या माणसाला, यावर ज्यांचे शतकानुशतके जमले नाही त्यांनी दोन्ही रीती मान्य केल्या. बिशपही राहिले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र ऐन वेळी बाहेर राहिले. वाटाघाटी चाळीसेक वर्षे चालल्या होत्या! तरीही नगरच्या दोन जुन्या मिशनांची माणसे एका मेजाशी आली, हे थोडे नाही.

कॅथलिकांचे मेज वेगळेच आहे. आज नगर जिल्हा दोन ‘नाशिक धर्मप्रांतां’त आहे, एक सी.एन.आय.चा, दुसरा १९८७ मध्ये स्थापन झालेला कॅथलिकांचा. नाव एक, भाकर वेगळी. पण सप्टेंबरमध्ये हरेगावला मतमाऊलीच्या यात्रेला या, तिथे दोन्हीकडची माणसे भेटतील, हिंदूही भेटतील.

आणि जात? आमच्या मशिदीत खांद्याला खांदा लावून सफ उभी राहते, सलाम फिरवला की सोयरीक बिरादरीतच शोधली जाते. तेव्हा चर्चकडे बोट दाखवायला माझी जीभ रेटत नाही. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने गृहीत धरले की त्या मेजाशी बसलेला माणूस अनुसूचित जातीचा उरतच नाही. शिखांना १९५६ मध्ये, बौद्धांना १९९० मध्ये त्यात घेतले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अजून बाहेर आहेत. गावातली त्यांची वस्ती मात्र जिथे होती तिथेच आहे.