‘साडेतीन हातांचा देह’ म्हणतात, पण हात नेमका कोणाचा?

“साडेतीन हातांचा देह, त्याचा कसला एवढा गर्व?” असं घरातली जुनी माणसं सहज बोलून जातात. पण हा साडेतीनचा आकडा खरा आहे का, हे क्वचितच कोणी मोजून पाहतं.

जुन्या मापात हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर. एका हाताच्या दोन विती आणि एका वितीची 12 अंगुळं, म्हणजे 24 अंगुळांचा एक हात. चरकसंहितेत माणसाची उंची त्याच्या स्वतःच्या बोटांनी 84 अंगुळं सांगितली आहे. आता 84 ला 24 ने भागा. उत्तर येतं बरोबर साडेतीन!

मग इतरांचा हिशेब वेगळा का?

रोमन वास्तुकार विट्रुव्हियसच्या मते माणूस चार हात उंच असतो. साधारण 1490 मध्ये लिओनार्दो दा विंचीने वर्तुळात आणि चौकोनात उभा असलेला जो प्रसिद्ध माणूस काढला, तो याच हिशेबावर आधारलेला आहे.

यज्ञवेदी बांधण्याचे नियम सांगणाऱ्या आपल्या शुल्बसूत्रांत मात्र ‘पुरुष’ हे माप 120 अंगुळांचं, म्हणजे पाच हातांचं आहे. कारण तिथे माणूस हात वर करून उभा आहे असं धरलं जातं. गावाकडे विहिरीची खोली ‘परसां’त सांगतात, तो परस म्हणजे हाच पुरुष.

टेप घेऊन स्वतःला मोजलंत, तर बहुतेकांचं उत्तर साडेतीन आणि चारच्या मधे कुठेतरी येईल. शरीराचं प्रमाण प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं. वयानुसारही ते बदलतं. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास एक चतुर्थांश असतं, तर मोठ्या माणसाचं उंचीच्या सुमारे साडेसातावा भाग. दोन्ही हात आडवे पसरले की होणारी लांबी, म्हणजे वाव, साधारण उंचीइतकी भरते. म्हातारपणी उंची कमी होते, पण वाव फारशी बदलत नाही. म्हणून पाठीत वाकलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या उंचीचा अंदाज डॉक्टर हात मोजून घेतात.

फरक छोटा, फटका मोठा

स्वतःसाठी खाट किंवा अंगरखा बनवायचा असेल, तर आपला हात हेच उत्तम माप. अडचण येते ती दुसऱ्याशी व्यवहार करताना.

समजा, एकाचा हात 48 सेंटिमीटरचा आहे आणि दुसऱ्याचा 42 चा. कापड घेताना हातामागे 6 सेंटिमीटरचा फरक पडेल. पण जमीन लांबी आणि रुंदी अशी दोन्हीकडून मोजतात, त्यामुळे फरक वाढत जातो. लांब हाताने जे शेत 100 बिघे भरेल, तेच आखूड हाताने सुमारे 130 बिघे भरेल. जमीन तेवढीच, पण बिघ्यावर सारा असेल तर शेतकऱ्याच्या डोक्यावर 30 बिघ्यांचा जादा बोजा!

म्हणूनच माप ठरवून देणं हे राज्यकर्त्यांचं काम झालं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अंगुळ कोणाचं धरायचं, हेसुद्धा सांगितलं आहे: मध्यम बांध्याच्या माणसाच्या मधल्या बोटाच्या मधल्या पेराचं, किंवा आठ जवांच्या रुंदीएवढं. प्राचीन इजिप्तमध्ये 28 बोटांचा, सुमारे 52 सेंटिमीटरचा ‘राजहात’ होता. त्याच्या लाकडी आणि दगडी पट्ट्या आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडची एक बाजू अशा 440 हातांची आहे.

शिवकाळात स्वराज्यातल्या जमीन मोजणीसाठी 5 हात 5 मुठींची काठी ठरवली गेली. अशा 20 काठ्या लांब आणि 20 काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि 120 बिघ्यांचा एक चावर. नाव हाताचं आणि मुठीचं, पण एकदा काठी ठरली की मोजणाऱ्याचा हात लांब की आखूड, हा प्रश्नच उरत नाही.

स्वतंत्र भारतात 1956 च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली गेली आणि सरकारी व्यवहारातून हात गेला. बोलण्यातून मात्र तो गेलेला नाही. पोट आजही टीचभरच असतं आणि काकडी हातभर!

आता वाव आणि उंची दोन्ही मोजून बघा. आकडे तंतोतंत जुळले नाहीत तर काळजी नको. थोडाफार फरक असणं हेच नॉर्मल आहे.