एक रुपयाचं पुस्तक

"वाचायची हौस आहे हो, पण पुस्तकं परवडत नाहीत." हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. तक्रार खरी आहे आणि जुनीही आहे. म्हणून वाचनसंस्कृतीवर उपदेश न करता आज आपण किमतीचा इतिहास पाहू. आपल्याकडे पुस्तक स्वस्त झालं कसं?

चला लखनौला. सत्तावन्नच्या उठावात होरपळलेलं शहर. तिथं १८५८ साली मुन्शी नवल किशोर यांनी छापखाना काढला, तेव्हा त्यांचं वय अवघं २२ होतं. अडचण होती लिपीची. उर्दूची नस्तालिक अक्षरं एकमेकांत गुंफलेली, तिरकी उतरणारी. तिच्यासाठी शिशाचे खिळे पाडायचे म्हणजे जिकिरीचं आणि खर्चाचं काम. यावर उपाय होता शिळाप्रेसचा. कातिब म्हणजे लेखनिक. तो खास शाईनं कागदावर मजकूर लिहायचा, तो दगडावर उतरवायचा आणि मग प्रतींवर प्रती काढायच्या. खिळ्यांचं भांडवल वाचलं. वाचकाला तर ओळखीचं हस्ताक्षरच मिळालं! पोथीची नक्कल करवून घेणं ज्याला झेपत नव्हतं, त्याच्याही हाती आता ग्रंथ येऊ लागला. या एका हिंदू प्रकाशकाच्या छापखान्यातून कुराण छापून निघालं, तसेच हिंदूंचे धर्मग्रंथही. गालिब यांच्या फारसी कवितांचा संग्रह १८६३ साली इथूनच आला. मला विचाराल तर हिंदुस्थानातल्या वाचनाचा इतिहास या दगडांपासून सांगायला हवा.

पुढे आली रेल्वे. १८७७ साली अलाहाबादेत व्हीलर कंपनी निघाली आणि फलाटावर पुस्तकं विकली जाऊ लागली. १८८८ साली याच कंपनीनं रुडयार्ड किपलिंगच्या कथांची छोटी पुस्तकं काढली. किंमत एक रुपया. साहेबाला हा रुपया किरकोळ होता, पण त्याचं सामान उचलणाऱ्या हमालाला तो मोठा होता.

आता गंमत बघा. बरोबर ७० वर्षांनी, १९५८ साली, दिल्लीत दीनानाथ मल्होत्रांनी 'हिंद पॉकेट बुक्स' सुरू केलं. किंमत पुन्हा एक रुपयाच! पण या मधल्या काळात रुपया घसरला होता. किमतीचा आकडा तोच राहिला, खरेदीदार मात्र बदलला. इंग्लंडात पेंग्विननं १९३५ साली सहा पेन्सला पुस्तक देऊन जे केलं होतं, ते इथं हिंदीत झालं. लहान आकार, कागदी वेष्टन, मोठी आवृत्ती. त्याहून महत्त्वाची होती त्यांची 'घरेलू लायब्ररी योजना'. सभासद व्हायचं, की पुस्तकांचं पुडकं व्ही.पी.नं घरी. ज्या गावात पुस्तकाचं दुकान नाही, ज्या घरातल्या बाईला एकटीनं बाजारात जायची मुभा नाही, तिथं पोस्टमन पुस्तक घेऊन पोहोचला. गुलशन नंदांच्या प्रेमकथांना नाकं मुरडणारे पुष्कळ होते. मुरडोत बापडे. त्याच मालिकेत अमृता प्रीतमही होत्या आणि त्यांचीही किंमत सामान्य वाचकाच्या खिशाला झेपणारी होती.

नवं परवडत नसेल तर जुनं. दिल्लीच्या दर्यागंजचा रविवारचा फुटपाथवरचा पुस्तकबाजार कित्येक दशकं भरत होता. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो तिथून उठला आणि जवळच्या महिला हाटच्या आवारात गेला. आजही तिथं काही विक्रेते पुस्तकं किलोवर विकतात. सकाळी लवकर जा, पिशवी घरूनच न्या आणि पानं मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

दिल्ली लांब पडत असेल, तर पोस्टाचं एक सांगतो. २०२४ च्या अखेरीस पुस्तकांसाठीची जुनी सवलतीची रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झाली, तेव्हा छोटे प्रकाशक हवालदिल झाले. दोनशे रुपयांच्या पुस्तकाला टपालखर्चच जड व्हायचा. मग १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आली. सुरुवातीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर. म्हणजे एकेक पुस्तक मागवण्यापेक्षा चारपाच मित्रांनी मिळून एकच गठ्ठा मागवलेला बरा.