जो झिजतो, तोच थांबवतो : ब्रेक पॅडचा इतिहास

१/ छोट्या मोटारीचे पुढचे चाक उतरवले की बिडाची एक तकतकीत चकती दिसते आणि तिच्या दोन्ही अंगांना टेकलेले दोन ब्रेक पॅड. नव्या पॅडवरचा घर्षणाचा थर साधारण १० मिलिमीटर जाडीचा असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत, असा गॅरेजमधला सर्वसाधारण दंडक आहे. मोटारीचे बहुतेक भाग टिकावेत म्हणून घडवले जातात. हा भाग मात्र झिजावा म्हणूनच घडवला जातो. ही कल्पना कुठून आली आणि त्या झिजेची किंमत कोणी मोजली, त्याची ही कथा.

२/ ऑगस्ट १८८८. जर्मनीतील मानहाइमहून बर्था बेंझ आपल्या दोन किशोरवयीन मुलांना घेऊन, पती कार्ल यांना न सांगता, त्यांनीच बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून निघाल्या. सुमारे १०० किलोमीटरवरील फोर्झहाइमला माहेरी जायचे होते. वाटेतल्या उतारांनी ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजवून टाकले. तेव्हा बाउश्लोट गावातील एका चर्मकाराकडून त्यांनी त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. मोटारीचे ब्रेक लायनिंग बदलण्याचा हा पहिला ज्ञात प्रसंग मानला जातो.

३/ इंग्लंडमधील डर्बीशर परगणा असाच डोंगराळ. तिथले गाडीवान उतारावर पकड मिळावी म्हणून ब्रेकच्या ठोकळ्यांना जुन्या बुटांचे तुकडे ठोकत, असे सांगितले जाते. हर्बर्ट फ्रूड यांनी त्या जुगाडातला सिद्धान्त ओळखला : घासणारा पृष्ठभाग वेगळा असावा, स्वस्त असावा आणि सहज बदलता यावा. १८९७ मध्ये त्यांनी हा उद्योग सुरू केला. स्वतःच्या आडनावाची अक्षरे फिरवून आणि पत्नी एलिझाबेथ यांच्या नावातला ‘ई’ मिसळून त्यांनी ‘फेरोडो’ हे नाव तयार केले.

४/ अडचण उष्णतेची होती. ब्रेक गती नाहीशी करत नाही. तिचे उष्णतेत रूपांतर करतो. १,००० किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबते, तेव्हा दोन पेले पाण्याला उकळी यावी एवढी उष्णता काही सेकंदांत निर्माण होते. कापसाच्या विणीचे लायनिंग १५० अंश सेल्सिअसच्या आसपास करपू लागे. १९०८ मध्ये फ्रूड ॲस्बेस्टॉसकडे वळले. हे खनिज तंतुमय होते, स्वस्त होते आणि जळत नव्हते. प्रश्न सुटला असे सर्वांना वाटले.

५/ आजच्या चकतीचे मूळही याच काळातले. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. पण त्यांचे तांब्याचे पॅड लवकर झिजत आणि कर्कश किंचाळत. पुढची अनेक दशके ड्रम ब्रेकचेच राज्य राहिले. १९५३ च्या ल मान्स शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार मोटार विजयी झाली. १९५५ मध्ये सिट्रोएन डीएस ही मोटार पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक घेऊन बाजारात आली.

६/ पण झिजलेले लायनिंग जाते कुठे? त्याची धूळ होते. ड्रम उघडला की आत ती साचलेली दिसे आणि मेकॅनिक हवेच्या झोताने ती उडवून देत. हेच खनिज इतरत्र काय करत होते, हे तोवर उघड होऊ लागले होते. इंग्लंडमधील रॉचडेल येथे ॲस्बेस्टॉसचे सूत कातणाऱ्या नेली कर्शॉ यांचा १९२४ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी मृत्यू झाला. डॉ. विल्यम कुक यांनी त्यांच्या फुप्फुसांतील तंतूंची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली.

७/ १९३१ मध्ये ब्रिटनने ॲस्बेस्टॉसच्या धुळीविरुद्ध नियम केले. त्यांचा रोख कारखान्यांवर होता. गॅरेजमध्ये ड्रम झटकणारा उमेदवार त्यांच्या कक्षेबाहेरच राहिला. या धुळीचे आजार वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी प्रकटतात. त्यामुळे कारण आणि परिणाम यांत जवळजवळ एका पिढीचे अंतर पडते. ब्रिटनमध्ये संपूर्ण बंदी आली ती थेट १९९९ मध्ये.

८/ भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांविषयी महत्त्वाचा निकाल दिला. कामगाराची आरोग्यनोंद कामाच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ उशिरा संपेल तोवर जपावी, असा त्यातील एक आदेश होता. त्या आकड्यांतच या आजाराची संथ चाल दिसते. ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी मात्र आपल्याकडे अद्याप आलेली नाही.

९/ आज ॲस्बेस्टॉसविरहित पॅडमध्ये धातूचे कण, अरामिड तंतू किंवा सिरॅमिक वापरतात. तरीही पॅड बदलण्याच्या रीतीत हा सारा इतिहास साठलेला आहे. धूळ फुंकत नाहीत. ओल्या फडक्याने टिपतात. एकाच चाकाचे पॅड न बदलता जोडीच्या दोन्ही चाकांचे बदलतात, नाहीतर ब्रेक लावताच मोटार एका बाजूला ओढते. पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइलची पातळी पाहतात. पॅडेल कडक होईपर्यंत दाबून पाहिल्याशिवाय मोटार हलवत नाहीत.

१०/ अनेक पॅडमध्ये धातूची एक बारीक पट्टी मुद्दाम ठेवलेली असते. थर संपत आला की ती चकतीला घासते आणि किंचाळते. लँचेस्टर यांना नकोशी झालेली किंचाळी आता इशारा म्हणून कामी येते. झिजलेला पॅड वेळेवर ओरडतो. त्याची धूळ ज्यांच्या श्वासात गेली, त्यांच्या फुप्फुसांना मात्र असा इशारा देणारी पट्टी नव्हती.