शेर गेला, किलो आला, आणि आमच्या घरातले दोन काटे



मागच्या पोस्टवर कुणीतरी विचारलं होतं, "काका, वजन कमी करायला काटा कुठला घ्यावा?" उत्तर दोन ओळींचं आहे. पण बँकेत जन्म गेल्यामुळे मागचा हिशेब लावल्याशिवाय पुढची नोंद करता येत नाही. तेव्हा थोडं मागून सांगतो.

माझा जन्म भालकी तालुक्यातला, १९५१ चा. वडील आडत दुकानात मुनीम. आमचं गाव जागचं हललं नाही, पण राज्यं बदलत गेली. आधी निजामाचं हैदराबाद, १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर, आणि १९७३ पासून त्याच राज्याचं नाव कर्नाटक. एकाच वस्तूला गल्लीत तीन नावं होती. आम्ही ताजवा म्हणायचो, शेजारचे कन्नड बोलणारे तक्कडी म्हणायचे, आणि पलीकडच्या खाँसाहेबांच्या घरात तराजू. वजनाला कन्नडमध्ये तूक. आम्ही पोरं तिन्ही शब्द एका वाक्यात घालायचो नि कुणाचं काही अडायचं नाही.

वडिलांना सगळ्या बदलांचा हिशेब डोक्यात ठेवावा लागे. हाली शिक्का आणि कलदार रुपया: ७ हाली म्हणजे ६ कलदार. मग १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नये पैसे झाले. त्याची सवय होते न होते तोवर वजनं बदलली. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ चा, अंमल १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं, आणि एप्रिल १९६२ पासून जुनी वजनं बंद.

तेव्हा मी अकरा वर्षांचा. वडील रात्री कंदिलापाशी बसवून पाठ करून घ्यायचे. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. ४० शेरांचा मण म्हणजे ३७ किलो ३२४ ग्रॅम. ३ मणांचा पल्ला म्हणजे जवळपास ११२ किलो. किलो हा शेरापेक्षा थोडा मोठा, साधारण ८६ तोळ्यांचा. म्हणजे रुपयाला शेर मिळणारी साखर रुपया सात पैशांना किलो मिळायला पाहिजे. एखादा दुकानदार सरळ रुपया दहा पैसे सांगायचा, आणि बायाबापड्यांना वाटायचं, सरकारनंच भाव वाढवला. वडील म्हणायचे, "मापात पाप असतं रे, पण बदलत्या मापात जास्त असतं."

आईचा मात्र काट्याशी संबंधच नव्हता. तिचं सगळं मापावर: पायली, अधोली, मापटं, चिपटं. मापटं भरायचं, वरचा ढीग हातानं सरकवायचा की ठेवायचा, हे समोरचा कोण त्यावर. मी एकदा दुकानातला छोटा ताजवा घरी आणून भाकरी तोलायला बसलो. आई ओरडली, "काय तोलूलालास रे मेल्या! खाणाऱ्याचं अन्न तोलतेत का कुठं?" ताटातलं मोजलं की दृष्ट लागते, असा तिचा पक्का समज. माणूस तोलायचा तो फक्त देवापुढे. मला लहानपणी विषमज्वर झाला होता, तेव्हा तिनं गाणगापूरच्या दत्ताला गुळाची तुळा बोलली होती. एका पारड्यात मी, दुसऱ्यात गूळ. गूळ फार लागला नाही म्हणून तिचे डोळे भरून आले, असं आत्या सांगायची.

कारण तेव्हा वजन हवं असायचं. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळायचा. त्या साली नोकरीच्या मुलाखतीला जाताना गुलबर्गा स्टेशनवर यंत्रावर उभा राहिलो. नाणं टाकलं, दिवे लागले, चकती फिरली, खटकन पुठ्ठ्याचं तिकीट पडलं. एका बाजूला नटीचा फोटो, दुसऱ्या बाजूला भविष्य आणि वजन: ४७ किलो. भविष्यात लिहिलं होतं की धनलाभ होईल. नोकरी लागली, तेव्हा खोटं म्हणता येत नाही.

बँकेत सोनेतारण बघायचो, तिथं काट्याचं खरं शिक्षण झालं. सराफाचा काटा काचेच्या पेटीत. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, ही भाषा कायदा बदलला तरी लोकांच्या तोंडून गेली नव्हती. सराफ दागिना ठेवण्याआधी तीन गोष्टी करायचा: पंखा बंद, पेटी सपाट जागी, आणि रिकामी पारडी समोरासमोर आहेत का ते बघायचं. एक पारडं वर राहिलं तर पासंग बांधायचा. माझे पहिले मॅनेजर म्हणायचे, आधी काट्याची पत बघा, मग गिऱ्हाइकाची.

आता आजच्या गोष्टीकडे येतो. निवृत्तीनंतर कलबुर्गीत स्थायिक झालो. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यानं जिना चढू देईना. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनचं नंतर बघू. आधी ८४ चे ७५ करा." उंची पाच फूट पाच इंच. किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, माझं उत्तर जवळपास ३१ आलं. हे गणित केटले नावाच्या बेल्जियन माणसानं १८३० च्या दशकात मांडलेलं. आपल्या भारतीयांसाठी २३ च्या वर जादा धरतात आणि १८.५ च्या खाली कमी.

मग दोन काटे आणले. अनुभवाचं सांगतो.

बाथरूमचा काटा: स्प्रिंगवाला तबकडीचा जुना होईल तसा सरकतो, म्हणून डिजिटल घेतला. बैठक रुंद आणि बुटकी, आकडे मोठे, आपल्या वयाला तेच बघायचं. त्याच्या चार पायांत वजन ओळखणारे भाग असतात, म्हणून जमीन टणक आणि सपाट हवी. आमच्याकडे शहाबादी फरशी. दोन फरशांच्या सांध्यावर ठेवला तर दीड किलोचा फरक पडला! सतरंजीवर तर ठेवूच नका. भिंतीला हात लावला तर आकडा कमी दिसतो, मीही ते करून बघितलंय. रोज सकाळी, पोट साफ झाल्यावर, चहाआधी, तेवढ्याच कपड्यांत उभं राहायचं. एका दिवसात किलोभर वरखाली होतं, ते पाण्याचं असतं. आठवड्याची सरासरी धरा. चरबीचा टक्का दाखवणारे काटे अंगातून बारीक वीज सोडून अंदाज बांधतात, पेसमेकर असलेल्यांनी ते वापरू नयेत.

स्वयंपाकघरातला काटा: ५ किलोपर्यंत चालणारा, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा, आणि भांडं ठेवून शून्य करायचं बटण असलेला. तेच बटण म्हणजे आजचा पासंग. तपासायचं असेल तर भांडं ठेवून शून्य करा आणि मापून एक लिटर पाणी घाला. किलोच्या आसपास आकडा यायला हवा.

पंधरा दिवस वहीत नोंदी केल्या. माझा समज होता, भाकरी नडते. भाकरी निर्दोष सुटली. सापडली ती शेंगाचटणी आणि वरून घेतलेलं तेल. एका ग्रॅम तेलात ९ कॅलरी, पिठात ४ देखील नाहीत. "जराशी" चटणी तोलली तर ४० ग्रॅम, म्हणजे दोनशेच्या वर कॅलरी, ज्वारीच्या एका भाकरीच्या जवळपास. आणि मी ती दोनदा घ्यायचो.

आमच्या सौ.ना हे मुळीच आवडलं नाही. अगदी आईसारखंच बोलल्या, "घरातलं अन्न काय सोनेतारण आहे का तोलायला?" चिडवण्यासाठी म्हणालो, तुम्ही उभ्या राहून दाखवा. बाळंतपणानंतर त्या काट्यावर चढल्याच नव्हत्या. आकडा आला ४१. मला वाटलं, फरशीचा सांधा असेल. काटा हलवला. पुन्हा ४१. उंची पाच फूट नाही धड. भागाकार केला, १८.२.

मंडळी, मी कॉमर्सचा पदवीधर. आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळेबंद तपासले. पण एकाच घरात, एकाच चुलीवर, एक बाजू ८४ आणि दुसरी ४१, ही नोंद पन्नास वर्षांत माझ्या नजरेला आली नाही. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणं, पोळ्या कमी पडल्या तर "मला भूकच नाही" म्हणणं, हे मी रोज बघत होतो आणि त्याला स्वभाव म्हणत होतो. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन फार कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्या. आणि घरात नवा नियम झाला: दोघांची ताटं एकदम वाढायची. शेंगाचटणी तिकडे, काकडी इकडे.

आज माझं वजन ७६, त्यांचं ४५. ऑपरेशन अजून करावं लागलेलं नाही. वहीत आता दोन रकाने आहेत. त्यांचा आकडा त्या स्वतः लिहितात, माझ्यावर विश्वास नाही म्हणून.

तेव्हा काटा कुठला घ्यावा याचं उत्तर: साधा, डिजिटल, सपाट फरशीवर ठेवता येईल असा. आणि आणल्या दिवशी घरातल्या सगळ्यांना एकेक करून उभं करा, विशेषतः जी "माझं काय बघायचं" म्हणते तिला आधी.

कुणाकडे जुना शिक्का मारलेला शेर, पायली किंवा स्टेशनवरचं वजनाचं तिकीट असेल तर फोटो टाका. माझं ४७ किलोचं तिकीट घर बदलताना हरवलं, त्याची चुटपूट अजून आहे.