हमीदा बानू आणि नूरा कुस्तीचा आरोप

शिरूर घोड नदीच्या कांठीं वसलें आहे, तर दौंड भीमेच्या. या मुलखांतील गांवांच्या जत्रांना कुस्तीच्या आखाड्यावांचून पुरतेपणा येत नाहीं. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांनीं आरंभ होतो आणि हलगीच्या कडकडाटांत शेवटची मोठी कुस्ती लागते. भोंवतीं बसलेल्या प्रेक्षकांची नजर पंचाच्या नजरेइतकीच तीक्ष्ण असते. त्यांना खरी चीड एकाच गोष्टीची, ती म्हणजे नूरा कुस्ती. मल्लांनीं आधींच संगनमत करून खेळलेली लटकी झुंज. हा शब्द एकदां नांवास चिकटला कीं धुऊन निघणें कठीण. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत तो एका स्त्रीच्या नांवास चिकटला. ती स्त्री म्हणजे हमीदा बानू.

मिर्झापूरकडील ही स्त्री अलीगढास सलाम पहिलवानाच्या हाताखालीं तयार झाली. वृत्तपत्रांनीं तिला ‘अलीगढची ॲमेझॉन’ म्हटलें. ५ फूट ३ इंच उंची, १०८ किलो वजन, आणि रोजचें दूध, अंडीं व बदाम यांचे आंकडे चवीनें छापले. १९४४ सालीं मुंबईंत गूंगा पहिलवानाशीं होणारी तिची लढत पाहण्यास सुमारें २०,००० लोक जमले. त्यानें ऐन वेळीं अवाच्या सवा मागण्या केल्यामुळें कुस्ती रद्द झाली आणि खवळलेल्या लोकांनीं मैदानांत मोडतोड केली. १९५४ मध्यें तर, जो आपणांस हरवील त्याच्याशीं लग्न करीन, असें तिनें जाहीर केलें. त्याच वर्षीं मे महिन्यांत बडोद्यास तिनें बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलें. तेथें तिच्याशीं आधीं छोटा गामा लढावयाचा होता. स्त्रीशीं कुस्ती खेळणार नाहीं, असें सांगून त्यानें माघार घेतली.

महाराष्ट्रांत मात्र या कीर्तीचें उलट फळ मिळालें. कोल्हापुरास तिनें शोभासिंग पंजाबी या पुरुष मल्लास हरवितांच लोकांनीं हुर्यो उडवून दगडफेक केली. पोलिसांना मध्यें पडावें लागलें आणि कुस्ती हें ढोंग ठरलें. पुण्यांत रामचंद्र साळुंके यांच्याशीं ठरलेली लढत स्थानिक कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळें रद्द झाली. आपल्या कुस्त्यांवर बंदी येते, अशी तक्रार तिनें मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे केली. त्यांचें उत्तर असें कीं, बंदी ती स्त्री आहे म्हणून नव्हे; ठेकेदार तिच्यापुढें नुसतीं बुजगावणीं उभीं करतात, अशा तक्रारी आल्या आहेत.

हा संशय अगदींच निराधार नव्हता. तिच्या एका दंगलीनंतर लंगड्या व आंधळ्या मल्लांची झुंज जाहीर झाली होती. यावरून ठेकेदारांची दृष्टि खेळापेक्षां तमाशाकडे किती होती हें कळतें. पण त्याच काळांत किंगकाँग व दारासिंग यांच्या फ्री-स्टाइल कुस्त्याही तिकिटें लावून होत. त्यांच्यावरही असाच संशय घेतला जाई, तरी त्यांची कीर्ति वाढतच गेली. शिवाय हमीदेची पारख व्हावयाची ती कशी? नामांकित मल्ल तिच्याशीं खेळण्यास नकार देत आणि संघटना ठरलेली कुस्ती होऊं देत नसे. मल्लाची परीक्षा मातींत होते; ती परीक्षा नाकारणाऱ्यांनींच तिला अनुत्तीर्ण ठरविलें. ठेकेदारांच्या पापाचा दंडही तिलाच भरावा लागला.

१९५४ मध्येंच मुंबईंत तिनें रशियाच्या वेरा चिस्टिलिनला एका मिनिटाच्या आंत हरविलें. त्यानंतर लवकरच ती कुस्तीच्या जगांतून दिसेनाशी झाली. जिच्या खुराकाचे आंकडे रकाने भरून छापले जात, तिनें पुढें कल्याणास दूध विकून दिवस काढले. १९८६ मध्यें तिचें निधन झालें.

पुरुषांसाठीं महाराष्ट्र केसरी हा किताब १९६१ पासून सुरू झाला. महिलांची तशीच पहिली स्पर्धा २०२३ सालीं सांगलीस भरली आणि प्रतीक्षा बागडी ही पहिली विजेती ठरली. दोहोंत ६२ वर्षांचें अंतर पडलें. आतां गांवोगांवच्या आखाड्यांतही मुलींच्या जोडी लागतात आणि त्यांचा निकाल मातींतच लागतो. हमीदा बानूनें मागितलें होतें तें एवढेंच.